नऊ ते पाचची वीज

गोंदिया जिल्ह्यातल्या कामठ्यात उन्हाळ्याचा दिवस लवकर सुरू होतो. पाचला अंगणात सडा पडतो, साडेपाचला बोअरची मोटार चालू होते, सहाच्या सुमारास छतावरची टाकी भरून वाहू लागते. कपडे, मिक्सर, शाळेच्या गणवेशाची इस्त्री, सगळे नऊच्या आत उरकलेले असते. ऊन चढायच्या आधी हात मोकळे करायचे, ही पूर्व विदर्भाची पिढ्यान्‌पिढ्यांची सवय आहे आणि ४५ अंशांच्या आसपास तापणाऱ्या या मुलखात ती शहाणपणाचीच आहे. अडचण एवढीच, की विजेवरची कामे संपतात त्याच वेळी, म्हणजे नऊला, वीज स्वस्त व्हायला लागते.

१ जुलै २०२५ पासून लागू झालेल्या दररचनेत महावितरणच्या घरगुती ग्राहकांना सकाळी ९ ते सायंकाळी ५ या आठ तासांत वापरलेल्या प्रत्येक युनिटवर ८० पैसे सवलत मिळू लागली. पुढच्या वर्षांत ती थोडी थोडी वाढवत नेण्याचे त्या रचनेत ठरलेले आहे. उद्योगांना संध्याकाळच्या वापरावर जसा जादा आकार लागतो, तसा घरगुती ग्राहकाला लावलेला नाही. म्हणजे घरासाठी हा व्यवहार एकतर्फी फायद्याचा आहे: दिवसा वापरली तर सूट, रात्री वापरली तर नेहमीचाच दर. अट एकच, घरी टीओडी मीटर हवे. टीओडी म्हणजे ‘टाइम ऑफ डे’, वीज किती वापरली याबरोबरच ती केव्हा वापरली हेही नोंदवणारे मीटर. जुन्या मीटरला वेळ कळत नाही, त्यामुळे जुने मीटर असलेल्या घराने भर दुपारी कितीही वीज वापरली तरी सवलत शून्य.

सवलत मिळत असेल तर घ्यावीच. पण तिच्याकडून किती अपेक्षा ठेवायची हे आधी नीट समजून घ्यायला हवे, नाहीतर ८० पैशांमागे धावताना ११ रुपयांकडे दुर्लक्ष होते. हे ११ रुपये कुठून आले, ते पुढे येईलच.

आधी वीज दुपारी स्वस्त का, ते पाहू. गोंदिया जिल्ह्यातच तिरोड्याला ३,३०० मेगावॅटचे औष्णिक वीज केंद्र आहे, ६६० मेगावॅटचे पाच संच. कोळशावरचा असा संच घरातल्या दिव्यासारखा बटण दाबून बंद-चालू करता येत नाही, ठरावीक मर्यादेखाली त्याचा भारही उतरवता येत नाही. दुसरीकडे सौर वीज दरवर्षी वाढते आहे आणि ती येते फक्त दिवसा. त्यामुळे दुपारी वीज मुबलक, आणि सूर्य मावळला, घराघरांत दिवे, टीव्ही, पंखे लागले की अचानक टंचाई, असे रोजचे चक्र तयार झाले. संध्याकाळची ती चढण चढायला महागडी वीज लागते. ग्राहकाने आपले काम दुपारी सरकवले तर ती चढण कमी होते. सवलत त्याचीच आहे.

केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने १४ जून २०२३ रोजी वीज ग्राहक हक्क नियमांत दुरुस्ती करून हे धोरण देशभर आणले. व्यापारी आणि औद्योगिक ग्राहकांपैकी १० किलोवॅटवरच्यांना १ एप्रिल २०२४ पासून, आणि शेती वगळता बाकी सगळ्यांना १ एप्रिल २०२५ पासून वेळेनुसार दर, असा तो कार्यक्रम होता. शेतीपंप त्यातून वगळले आहेत, ही गोष्ट कामठ्यासारख्या धानाच्या गावात मुद्दाम सांगितली पाहिजे. शेतातल्या पंपाचा या सवलतीशी संबंध नाही. इथला सगळा हिशेब घरच्या मीटरचा आहे.

गोंदियाच्या राईस मिलवाल्यांना वेळेनुसार दर नवा नाही. उद्योगांसाठी महाराष्ट्रात तो कितीतरी वर्षे आहे, फक्त तेव्हाचे वेळापत्रक उलटे होते. रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत युनिटमागे दीड रुपया सवलत, आणि सकाळी ९ ते १२ व संध्याकाळी ६ ते १० या वेळेत जादा आकार. म्हणून ज्यांना जमेल ते जड काम रात्रपाळीत काढत. आता सवलतीचे तास सूर्याच्या तासांवर आले. सकाळच्या ज्या तासांत कारखानदार वीज जपून वापरायचे, तेच तास आता सवलतीचे झाले.

जगातही वारे याच दिशेने फिरले आहे. ब्रिटनमध्ये १९७८ पासून रात्रीच्या सात तासांचा स्वस्त दर आहे. लोक रात्री विटांच्या हीटरमध्ये उष्णता साठवून दिवसा वापरत. फ्रान्समध्येही स्वस्त तास म्हणजे रात्र, हे पक्के समीकरण होते. तिथे १ नोव्हेंबर २०२५ पासून त्या तासांचा काही भाग दुपारकडे सरकवायला सुरुवात झाली. कॅलिफोर्नियात राहणाऱ्या मराठी कुटुंबांना संध्याकाळी ४ ते ९ ही महागाची वेळ तोंडपाठ असते. भांडी धुण्याचे यंत्र आणि गाडीचे चार्जिंग त्यांच्याकडे नऊनंतरच. त्यांच्या मानाने आपल्याकडची रचना सौम्य आहे, चुकीच्या वेळी वीज वापरली म्हणून इथे कुणाला भुर्दंड नाही.

एक गोष्ट मात्र मुंबई-पुण्यात बसून ध्यानात येत नाही. भारताचे घड्याळ एक, सूर्य मात्र पूर्वेकडे आधी येतो. गोंदिया मुंबईच्या सुमारे सव्वासात रेखांश पूर्वेला आहे, म्हणजे इथला सूर्य मुंबईच्या जवळपास अर्धा तास पुढे. मुंबईत नऊ वाजता जेवढे ऊन असते, तेवढे कामठ्यात साडेआठलाच आलेले असते. संध्याकाळही तशीच आधी येते. डिसेंबरात साडेपाचच्या सुमारास इथे दिवे लागतात. सवलतीचे आठ तास मात्र घड्याळाने ठरलेले, सगळ्या राज्याला सारखेच. त्यामुळे सकाळची कामे नऊनंतर ढकलायची तर कामठ्यातल्या घराला मुंबईतल्या घरापेक्षा आपल्या सवयीत जास्त मोठा बदल करावा लागतो. तो करायचा की नाही हे आकडे पाहून ठरवावे.

आता आकडे. समजा, कामठ्यात पाच माणसांचे एक घर आहे आणि महिना मे आहे. चार साधे पंखे, प्रत्येकी ७५ वॅटचे. त्यांतले दोन रोज १६ तास चालतात, उरलेले दोन रोज ८ तास. त्यांचे महिन्याला १०८ युनिट होतात. एक कूलर, पंपासह १८० वॅट, दिवसाला १० तास: ५४ युनिट. लहान फ्रीज: २० युनिट. एक अश्वशक्तीची मोटार रोज अर्धा तास: साडेतेरा युनिट. दिवे, टीव्ही, मिक्सर मिळून अठरा, वॉशिंग मशीन पाच, इस्त्री पाच. बेरीज २२३-२२४ युनिट.

यातले किती युनिट आधीच नऊ ते पाचमध्ये पडतात? फ्रीज चोवीस तास चालतो, म्हणजे किमान तिसरा हिस्सा, सात युनिट. दुपारी ऊन असह्य झाल्यावर कूलर पाच तास चालतोच, त्याचे २७. घरात असणाऱ्यांवर फिरणारे दोन पंखे, त्यांचे ३६. एकूण ७०. म्हणजे या घराला काहीही न बदलता, नुसते टीओडी मीटर आहे म्हणून, ५६ रुपये सूट मिळते. विदर्भाचा उन्हाळा इथे ग्राहकाच्या बाजूने उभा आहे. कूलर दुपारी लागतो आणि सवलतही दुपारीच असते.

आता सवयी बदलून काय मिळते ते पाहू. मोटार, वॉशिंग मशीन आणि इस्त्री ही तिन्ही कामे पूर्णपणे नऊनंतर नेली तर साडेतेवीस युनिट सरकतात. त्यांचे १९ रुपये. सगळे मिळून महिन्याला ७५ रुपये. वाईट नाही, वर्षभर धरले तर गॅस सिलिंडरच्या किमतीच्या आसपास काहीतरी हाती लागू शकते. पण मे महिन्यातला वापर बारा महिने नसतो, हेही खरे.

याच घराने जास्त चालणारे दोन पंखे बदलून ३० वॅटचे बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटारीचे, पंखे बसवले तर? प्रत्येक पंख्यामागे ४५ वॅट वाचतात. सोळा तास, दोन पंखे, तीस दिवस, म्हणजे ४३ युनिट. हे ४३ युनिट बिलाच्या वरच्या टप्प्यातून कमी होतात, आणि इथेच ते ११ रुपये येतात.

महावितरणच्या घरगुती बिलाला टप्पे आहेत: १०० युनिटपर्यंत, १०१ ते ३००, ३०१ ते ५०० आणि ५०० च्या वर. हिशेबापुरते २०२४-२५ चे दर घेऊ. पहिल्या टप्प्यात युनिटचा दर ४.७१ रुपये होता, दुसऱ्यात १०.२९, तिसऱ्यात १४.५५, चौथ्यात १६.६४. प्रत्येक युनिटवर १.१७ रुपये वहन आकार वेगळा. नंतर आकडे बदलले, पुढेही बदलतील, पण पहिल्या आणि दुसऱ्या टप्प्यातली उडी कायम आहे. या दरांनी शंभराच्या वरचे एक युनिट ११.४६ रुपयांना पडते, त्यावर १६ टक्के वीजशुल्क. म्हणजे ४३ युनिट वाचले तर ४९३ रुपये आणि शुल्क धरून सुमारे ५७० रुपये महिन्याला. दिवसा वाचलेल्या युनिटांवरची सवलत जाईल, ती वजा केली तरी फारसा फरक पडत नाही.

मोटार-मशीन-इस्त्रीची वेळ बदलून १९ रुपये, दोन पंखे बदलून साडेपाचशे. सरकवलेले युनिट ८० पैसे देते, वाचवलेले युनिट ११ रुपयांहून जास्त. म्हणून क्रम असा ठेवावा: आधी वापर कमी करावा, मग जो उरतो तो दुपारी न्यावा. पंख्यांना १ जानेवारी २०२३ पासून तारांकन सक्तीचे झाले आहे, त्यामुळे दुकानात खोक्यावरचे तारे आणि वॅट दोन्ही वाचता येतात. दोन चांगले पंखे काही काळात आपली किंमत वसूल करून देतात.

टप्प्यांबद्दल एक गैरसमज गावोगाव ऐकू येतो: ‘शंभरच्या वर एक युनिट गेले की सगळेच बिल वाढीव दराने लागते.’ तसे होत नाही. पहिली शंभर युनिटे स्वस्त दरानेच राहतात, वरच्या युनिटांनाच वरचा दर लागतो. एखाद्या वेळी रीडिंग उशिरा घेतले गेले आणि बिल ३० ऐवजी ३६ दिवसांचे आले, तर टप्प्याची मर्यादाही त्या दिवसांच्या प्रमाणात वाढवून धरली जाते. बिलावर मागची आणि चालू रीडिंगची तारीख छापलेली असते. ती पाहायची सवय ठेवावी.

ज्या घराचा वापर मुळातच ८० युनिट आहे, त्याने वेळेच्या मागे फार लागू नये. त्याची पंचवीसेक युनिटे दुपारी पडतात, २० रुपये मिळतात, ते घ्यावेत आणि निवांत राहावे. खरी कमाई १०० ते ३०० मधल्या घरांची आहे. कूलर, बोअर, फ्रीज असलेली, गावात आता सर्रास दिसणारी घरे हीच.

कोणते काम सरकवावे, कोणते नाही, याचा विचार यंत्राच्या वॅटपेक्षा घरातल्या माणसांपासून सुरू व्हावा. टाकी भरणे हे सर्वांत सोपे. टाकी म्हणजे पाण्याच्या रूपात साठवलेली वीजच. दुपारी एकदा भरली की संध्याकाळ आणि दुसरी सकाळ दोन्ही निघतात. पहिल्या दिवशी फक्त एवढे करावे, की पहाटे अर्धीच भरावी आणि दहा-अकराला पूर्ण. दुसऱ्या दिवसापासून पहाटेची गरजच राहत नाही. टाकी लहान असेल तर मात्र हा हट्ट धरू नये. दिवे लागण्याच्या वेळी गावात व्होल्टेज उतरत असेल तर त्या वेळी मोटार जास्त करंट ओढते आणि तापते, म्हणून सवलत नसती तरी संध्याकाळी मोटार न चालवणे तिच्या आयुष्यासाठी चांगलेच.

इस्त्री आठवड्यातून एकदा, रविवारी दहाच्या पुढे, सगळ्या कपड्यांची एकत्र करावी. रोज दोन कपड्यांसाठी इस्त्री तापवण्यात जी वीज जाते, ती वाचते, हा फायदा वेळेच्या सवलतीपेक्षा मोठा. वॉशिंग मशीन पूर्ण भरून, नऊनंतर. दहा वाजता दोरीवर टाकलेले कपडे मे महिन्यात बारालाच कडक होतात.

फ्रीजला हात लावू नये. रात्री बंद करून दिवसा चालू करण्याचा प्रयोग काही घरे करतात. सकाळी तेवढाच गारवा पुन्हा तयार करायला यंत्र जास्त वेळ चालते आणि दूध-भाजी बिघडते ती वेगळी. पंख्याखाली झोपणाऱ्या माणसालाही वेळेच्या हिशेबात ओढू नये.

गरम पाण्याचे काय? थंडीत अंघोळी नऊच्या आतच होणार. दोन किलोवॅटचा गिझर पंधरा मिनिटे चालला तर अर्धे युनिट जाते. ते नऊनंतर नेले तर ४० पैसे मिळतात. घरातल्या आजी-आजोबांना ४० पैशांसाठी साडेनऊपर्यंत थांबवू नये. सौर बंब किंवा अंगणातली चूल हा त्याला जास्त चांगला पर्याय आहे आणि कामठ्यात चूल अजून विझलेली नाही.

इंडक्शन शेगडीबद्दल सावध असावे. दुपारची वीज स्वस्त म्हणून गॅस सोडून इंडक्शनवर स्वयंपाक करावा का, असा प्रश्न साहजिकच येतो. एका घरगुती सिलिंडरचे काम विजेवर करायला साधारण सव्वाशे ते दीडशे युनिट लागतात. ही युनिटे दुसऱ्या टप्प्यात पडली, तर ८० पैसे वजा करूनही सव्वाशे युनिटांचे तेराशे रुपयांवर जातात. महिन्याचा एकूण वापर शंभराच्या आत राहणार असेल तरच इंडक्शनचा हिशेब जुळतो. पाच माणसांच्या घरात तसे क्वचितच होईल.

इन्व्हर्टरचा प्रश्न त्याहून फसवा. दुपारी स्वस्त विजेने बॅटरी भरायची आणि रात्री तीच वापरायची, अशी युक्ती ऐकायला बरी वाटते. पण शिसे-आम्लाच्या साध्या बॅटरीत घातलेल्या विजेपैकी पाव हिस्सा तरी उष्णतेत जातो. रात्री एक युनिट मिळवायला दुपारी जवळपास १.३ युनिट घालावे लागतात. ८० पैशांच्या सवलतीसाठी तीन रुपयांची वीज वाया, आणि रोज रिकामी-भरती केल्याने बॅटरीचे वय कमी होते. लाईन गेली तर आधार म्हणूनच इन्व्हर्टर ठेवावा.

विजेवरच्या स्कूटरचे गणित मात्र सरळ आहे. तीन युनिटांची बॅटरी पूर्ण भरायला सुमारे साडेतीन युनिट लागतात. दुपारी भरली तर प्रत्येक वेळी २ रुपये ८० पैसे वाचतात. रोज गोंदियाला नोकरीवर जाणाऱ्याची गाडी दुपारी घरी नसते, त्याने रविवारी तेवढे करावे. गावातच दुकान असलेल्याला महिन्याला पंचवीस-तीस रुपये सहज मिळतील.

आता एक गोष्ट, जी दरपत्रकात कधी येत नाही. ‘कामे दुपारी सरकवा’ असे म्हणताना ती दुपार कोणाची असते? नऊ ते पाच घरी बहुधा बाई असते, आणि तिची दुपार रिकामी नसतेच. धानाच्या रोवणीच्या दिवसांत तर ती सकाळीच बांधीत उतरलेली असते, घराला कुलूप असते. जुलै-ऑगस्टचे ते आठवडे सवलतीच्या वेळा विसरून जावे. एरवीही, जेवणानंतरचा तिचा तासभराचा विसावा इस्त्री-मशीनने भरून टाकला तर महिन्याचे १९ रुपये फार महाग पडले असे समजावे. जे काम स्वतःहून होऊ शकते तेच सरकवावे. मोटारीला चोवीस तासांचा टायमर आणि टाकीला पाणी भरल्यावर मोटार बंद करणारा स्वयंचलित स्विच बसवला तर कुणाला थांबावे लागत नाही. बोअरचे पाणी उन्हाळ्यात खाली जाते. मोटार कोरडी चालून जळू नये म्हणून पाणी संपताच ती बंद करणारे संरक्षणही त्याबरोबर हवे. हे काम परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्यावे.

आणि सुरक्षितता. दरवर्षी विदर्भात कूलरचा शॉक लागून माणसे जातात. दुपारी मोठी माणसे बाहेर, घरी मुले, कूलरचे पाणी संपलेले. मूल बादली घेऊन चालू कूलरमध्ये पाणी ओतायला जाते. दुपारचा वापर वाढवायचा ठरवलेल्या प्रत्येक घराने आधी तीन गोष्टी कराव्यात: कूलरला तीन पिनांचा प्लग आणि जमिनीपर्यंत पोचलेले चांगले अर्थिंग, मीटरनंतर गळतीचा करंट ओळखून लाईन तोडणारा आरसीसीबी स्विच, आणि पाणी भरण्याआधी प्लग काढून ठेवायचा हा मुलांनाही पाठ असलेला नियम. जुन्या वायरिंगच्या घरात मोटार, इस्त्री आणि मशीन एकाच वेळी लावू नये. आठ तास हातात आहेत, कामे एकामागून एक करता येतात.

मीटरबद्दल गावात शंका आहेत. स्मार्ट प्रीपेड मीटरला २०२४ मध्ये राज्यभर विरोध झाला, आणि त्यानंतर सामान्य घरगुती ग्राहकांना प्रीपेड मीटर लावणार नाही असे सरकारने जाहीर केले. आता बसवले जाणारे टीओडी मीटर पोस्टपेड आहे. रिचार्ज नाही, महिन्याचे बिल नेहमीसारखेच येते, आणि मीटरसाठी ग्राहकाकडून पैसे घेतले जात नाहीत. शंका असेल तर मागच्या वर्षीच्या त्याच महिन्याची युनिटे आणि यंदाची युनिटे समोरासमोर ठेवावीत. रुपये नव्हे, युनिटे. दर बदललेले असतात, युनिटे फसवत नाहीत. मेची तुलना फेब्रुवारीशी करू नये. युनिटांत न पटणारी वाढ दिसली तर मीटर तपासणीसाठी लेखी अर्ज करता येतो.

मीटर बसल्यावर दोन गोष्टी ताबडतोब पाहाव्यात. पडद्यावर आकडे फिरत असतात, त्यात तारीख आणि वेळ येते. ती बरोबर आहे का. आणि पुढच्या बिलात टीओडी सवलतीची रक्कम वजा झाली आहे का. महावितरणच्या मोबाइल अॅपमध्ये टीओडी मीटरचा वापर दिवसभरात कसा झाला हेही दिसते. घरातल्या शाळकरी मुलाला ते पाहायला शिकवले तर आठवड्यात तो घरातला हिशेबनीस होतो. सवलत दिसत नसेल तर १९१२ किंवा १८००-२१२-३४३५ या निःशुल्क क्रमांकावर ग्राहक क्रमांकासह तक्रार नोंदवून तिचा क्रमांक लिहून ठेवावा. तिथे उत्तर मिळाले नाही तर ग्राहक तक्रार निवारण मंच, आणि त्यानंतर नागपूरला विद्युत लोकपाल आहेत. तिथे जायला वकील लागत नाही.

ज्यांच्या छतावर सौर पॅनेल आहेत त्यांचा हिशेब वेगळा. त्यांच्याकडे दुपारची वीज छतावरच तयार होते. पॅनेल बसवू पाहणाऱ्यांसाठी फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत दोन किलोवॅटपर्यंत दर किलोवॅटला ३० हजार, आणि तीन किलोवॅट किंवा जास्तीला ७८ हजार रुपये अनुदान आहे. दीडशे-दोनशे युनिटांच्या घराने कर्ज, जागा आणि छताची सावली तपासून त्याचा विचार जरूर करावा. वेळेच्या सवलतीपेक्षा तो कितीतरी मोठा निर्णय आहे आणि त्याला वेगळा लेख लागेल. तोवर छतावर चुन्याचा पांढरा हात आणि कूलरला ताज्या वाळ्याच्या ताट्या, या जुन्या उपायांनीही खोली उतरते आणि युनिटेही उतरतात.

काही विकत घेण्याआधी, काही बदलण्याआधी, एक आठवडा वही ठेवावी. रोज सकाळी नऊला आणि संध्याकाळी पाचला मीटरवरचे युनिट लिहायचे. दोन आकड्यांतली वजाबाकी म्हणजे सवलतीच्या तासांतला वापर. आजच्या नऊपासून उद्याच्या नऊपर्यंतची वजाबाकी म्हणजे पूर्ण दिवसाचा. वर धरलेल्या घरात काही न करता सुमारे ३१ टक्के वापर सवलतीत पडतो आणि मोटार, मशीन, इस्त्री हलवल्यावर ४२ टक्के. ज्यांची वही आधीच चाळीस दाखवते त्यांनी वेळेची चिंता सोडावी आणि पंख्यांकडे पाहावे. ज्यांची वही वीस दाखवते त्यांनी टाकीपासून सुरुवात करावी. पहिला आकडा येत्या रविवारी सकाळी नऊला लिहावा.